जबड्यावरची खाच

संग्रहालयाच्या तळघरात एकोणतीस वर्षं दगड कोरणाऱ्या त्या माणसाला सगळे मिस्त्री म्हणत. जन्मात त्याने एक वीट रचली नव्हती, पण नाव पडलं ते पडलं. काम असं, की वरच्या मजल्यावरच्या शिकल्यासवरल्या मंडळींनी डोंगरातून नाहीतर खाणीतून दगड आणायचे आणि मिस्त्रीने त्यातली हाडं मोकळी करायची. हाडाचाही दगडच झालेला आणि भोवतालीही दगडच. एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे ज्याच्या बोटांना कळतं त्यानेच या भानगडीत पडावं. हवेच्या दाबावर थरथरणारी एक बारीक सुई असते, ती पेनासारखी धरायची. भिंगाला डोळा लावून दिवसभरात नखाएवढी जागा साफ झाली की मिस्त्री खूश. बायको म्हणायची, "घरात एक खिळा सरळ ठोकता येत नाही, आणि तिकडे म्हणे नाजूक काम करतात!" खोटं कशाला बोला, घरातले झाडून सगळे खिळे वाकडे होते.

पण हे बायकोचं बोलणं जुनं. दोन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक लेक गेली, सतरा वर्षांची. पायाला भिंगरी लावल्यासारखी सारखी इकडून तिकडे करायची म्हणून घरीदारी तिला भिंगरीच म्हणत. तीन आठवडे रुग्णालयात होती आणि मग गेली. त्यानंतर त्या घरात मीठ संपलं, बिल आलं, दार लावून घ्या, एवढंच बोलणं उरलं होतं. बायको हसणं विसरली ते ठीक, पण ती भांडणंही विसरली, आणि मिस्त्रीला त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

तर एक दिवस बाईंनी मिस्त्रीला वर बोलावलं. बाई म्हणजे विभागाच्या प्रमुख. कामाला वाघीण, बोलायला फटकळ, आणि मिस्त्रीच्या हातावर त्यांचा डोळे मिटून विश्वास. टेबलावर कापसात एक जबडा ठेवला होता. वीतभर लांब, सरड्याच्या कुळातल्या कुठल्याशा प्राण्याचा, दात जागच्या जागी.

हा जबडा मिळाला होता भिंगरीलाच. नऊ वर्षांची असताना बापाबरोबर सुट्टीच्या दिवशी खाणीवर गेली होती. मोठी माणसं उन्हात घाम गाळत होती आणि ही एका ढिगावर बसून ओरडली, "बाबा, हा दगड दात काढतोय!" सगळे हसले. मग बाईंनी जाऊन पाहिलं आणि त्यांचं हसू थांबलं.

"मिस्त्री, बसा," बाई म्हणाल्या. त्या कधी कुणाला बसा म्हणत नसत, म्हणून तो घाबरलाच. "चार वर्षं मी याच्यावर घालवली आहेत. आता खात्रीने सांगते, ही नवीन जात आहे. जगात कुणाच्या नोंदीत नाही."

"वा! बरं झालं की," मिस्त्री म्हणाला.

"वा काय वा? नाव काय द्यायचं ते विचारा." बाईंनी लेखाचे कागद त्याच्याकडे सरकवले. "शोधली भिंगरीने. मग दुसऱ्या कुणाचं नाव देऊ?"

पहिल्याच कागदावर आधी त्या कुळाचं लांबलचक नाव होतं, आणि पुढे भिंगरी. मागे लॅटिनची शेपटी लावलेली, पण भिंगरीच. मिस्त्रीने ते दोनदा वाचलं, आणि पन्नाशी उलटलेला हा बाप्या बाईंसमोर पोरासारखा रडला. बाई उठून उगाचच कपाटातल्या फायली सारख्या करत राहिल्या. लेखाची बाकीची पानं काही त्याने वाचली नाहीत. तिथेच घोळ झाला म्हणा, पण अशा वेळी कोण बाप बाकीची पानं वाचत बसतो?

घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं.  ती म्हणाली, "म्हणजे पुस्तकात?"

"पुस्तकात. जगात जिथे जिथे या प्राण्याबद्दल कुणी लिहील, तिथे."

"नंतर कुणी खोडत नाही ना?"

"नीट तपासून छापलं की नाही खोडत."

"आपण दोघं गेल्यावरही राहील?"

"आपण गेल्यावरही."

ती मटकन खाली बसली. मग उठली, तोंड धुतलं आणि धाकट्या बहिणीला फोन लावला. तासभर बोलत होती. मिस्त्री दुसऱ्या खोलीत बसून ऐकत होता. बायकोचा तो जुना आवाज पुन्हा फुटला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून तिने त्याला फैलावर घेतलं. दोन वर्षांत पहिल्यांदा! अहो, कुणी बक्षीस दिलं असतं तरी माणूस इतका हरखला नसता. त्या दिवशी मिस्त्री वाऱ्यावर तरंगत कामाला गेला.

चार दिवसांनी बाई स्वतः तळघरात उतरल्या. लेखासाठी जबड्याचे फोटो हवे होते, आणि दिव्यांची मांडणी मिस्त्रीसारखी कुणाला जमत नसे.

"खाच ठसठशीत आली पाहिजे हं," बाई म्हणाल्या.

"कुठली खाच?"

"अहो कुठली काय! शेवटच्या दाताच्या खालची. तिच्यावर तर सगळा डोलारा उभा आहे. दात दोन जास्त आहेत, पण दात वयाप्रमाणे कमीजास्त होतात, त्यांचं काय एवढं? खाच मात्र या कुळात दुसऱ्या कुणालाच नाही. तिथून एखादी शीर जात असणार." बाईंनी दिवा थोडा डावीकडे सरकवला. "बघा. आली की नाही?"

आली. दाण्याएवढी, तिरकी, काठ गोलसर झालेली.  ती खाच ओळखायला मिस्त्रीला भिंग लागणार नव्हतं. ती त्यानेच पाडली होती.

त्या दिवसाचं सांगायलाच हवं. भिंगरी रुग्णालयात होती, तिसरा आठवडा. बायको तिच्या उशाशी, आणि मिस्त्री सकाळी तिथे जाऊन मग कामावर यायचा, कारण रजा संपल्या होत्या आणि घरी बसून भिंतींकडे बघण्यापेक्षा हाताला काम बरं. दुपारी तीन वाजता तळघरातला फोन वाजला. हातात सुई चालू होती, त्या जबड्याचा शेवटचा दात नुकताच दगडातून मोकळा होत होता. हात उडाला, सुई सटकली आणि शेवटच्या दाताखाली हाडात घुसली. मिस्त्रीने फोन उचलला. बायको म्हणाली, "लगेच या. ती तुम्हाला विचारतेय." तो म्हणाला, "निघालोच."

आणि निघाला नाही.

तळघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, तुटलं तर लिहा, लपवू नका. सुई सटकली, कपचा उडाला, सांधा चुकला, काहीही झालं तरी त्या नमुन्याच्या कामाच्या वहीत तारीख घालून लिहायचं, कुणी रागावत नाही. हा नियम मिस्त्रीनेच नव्या लोकांना कानीकपाळी ओरडून शिकवलेला. पण त्या दिवशी त्याने भिंगातून पाहिलं, आणि लेकीने शोधलेल्या त्या एकुलत्या एका जबड्यावर पांढरा ताजा ओरखडा पाहून त्याचं डोकंच फिरलं. एवढं जरा झाकतो आणि निघतो, दहा मिनिटं, असं त्याने ठरवलं. आधीही दोनदा असाच घाईचा फोन आला होता आणि दोन्ही वेळा पोरगी सावरली होती. या वेळीही तसंच होईल असं तो धरून चालला, का तिकडे जायची त्याला भीती वाटत होती, देव जाणे. ओरखड्याचे काठ त्याने घासून गोल केले. दगडाची पूड पातळ डिंकात कालवून आत फासली, पुसली, पुन्हा फासली. रंग जमेना. रंग जमला तेव्हा सव्वापाच वाजले होते.

तो रुग्णालयात पोचला सहाला वीस मिनिटं कमी असताना. भिंगरी त्याच्या आधी अर्धा तास गेली होती.

बायकोला तो म्हणाला, "बस मिळाली नाही गं. रस्ता सगळा अडलेला होता." त्या अवस्थेत कोण खोलात शिरतंय? वहीत त्याने काही लिहिलं नाही. मधल्या दोन वर्षांत तो जबडा त्याने एकदाही हातात घेतला नव्हता, दुसऱ्यांकडून कपाटात ठेवून घेतला होता.

आणि आता तोच जबडा दिव्याखाली होता, आणि बाई विचारत होत्या, आली की नाही. मिस्त्री म्हणाला, "आली." फोटो काढले. आजवर त्याने काढलेले सगळ्यात चांगले फोटो असतील ते.

पुढचे दहाबारा दिवस त्याने मूग गिळून काढले. गप्प बसलं तर कुणाचं काय बिघडतं, असा तो स्वतःशीच वाद घालायचा. बाईंना नवी जात मिळते, बायकोला लेकीचं नाव मिळतं. तो प्राणी काय, तो तर मरून गेला कधीचाच, तो थोडाच तक्रार करायला येतोय! असं सगळं पटवून घेऊन तो झोपायचा आणि सकाळी उठला की पुन्हा छातीवर दगड. लेकीचं नाव एका खोट्याला लागणार एवढंच असतं तर त्याने ते कदाचित पचवलंही असतं. पण ते नाव त्या सव्वादोन तासांना लागणार होतं. ती त्याची वाट बघत होती, त्या वेळात तो जे करत बसला होता, नेमक्या त्याला तिचं नाव. हे आठवलं की त्याला स्वतःच्या हातांची किळस यायची.

बायकोचं वेगळंच चाललं होतं. तिने लेकीचे फोटो ट्रंकेतून काढले. लेख कधी येणार, किती पानी, चित्र रंगीत की साधं, रोज चौकशी. शेवटी म्हणाली, "मला तो जबडा एकदा बघायचाय. बाईंना विचारा ना." त्याने आज सांगतो, उद्या सांगतो करून टाळलं, तर या बयेने परस्पर बाईंना फोन केला.

बाईंनी तिचं आगतस्वागत केलं, चहा मागवला, खुर्ची स्वतः पुढे केली. जबड्याला बाहेरच्या माणसाने हात लावायचा नाही असा दंडक, पण बाई म्हणाल्या, "तुम्ही लावा. तुमचा हक्क आहे." बायकोने साडीला हात पुसले आणि एक बोट पुढे केलं.

"दात इवलेसे आहेत हो," ती म्हणाली. "आणि ते वेगळेपण म्हणतात ते कुठलं?"

"हे इथे. ही खाच." बाईंनी तिचं बोट धरून नेमकं तिथे टेकवलं. "ही नसती तर याला जुनंच नाव लागलं असतं. ही तुमच्या लेकीची सही समजा."

बायको त्या खाचेवरून बोट फिरवत राहिली. लहान मुलाच्या कपाळावरून फिरवावं तसं, हळूहळू. डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. मिस्त्री दाराजवळ उभा होता.  बायकोला त्याने बसमध्ये बसवून दिलं आणि तसाच माघारी जिना चढला.

"बाई, ती खाच माझी आहे," दारातूनच तो म्हणाला.

बाईंना आधी कळेना. मग त्याने सटकलेली सुई, डिंक, पूड सगळं सांगितलं. बाईंनी जबडा उचलून मोठ्या भिंगाखाली धरला, डिंक विरघळवणाऱ्या औषधाचा एक थेंब टाकला, कापसाने टिपला. कापूस तपकिरी झाला. खाली पांढरी चीर दिसली. दोन वर्षांत जराही जुनी झाली नव्हती.

"चार वर्षं," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, त्यापेक्षा चढला असता तर बरं. "मिस्त्री, दुसऱ्या कुणाचं काम असतं तर मी दहादा तपासलं असतं. तुमचं होतं म्हणून नाही तपासलं. पुढच्या सोमवारी लेख जाणार होता. उद्या कुणीतरी हे काढलं असतं तर माझी छी थू झाली असती, कळतंय का? वहीत का नाही लिहिलंत? तुम्ही? तुम्ही!"

मग त्याने उरलेलंही सांगितलं. तारीख ऐकल्यावर बाईंनी भिंग बाजूला ठेवलं. त्या दिवशी स्मशानात त्याही आल्या होत्या.

मग त्यांनी जबडा पुन्हा कापसात ठेवला. "नाव नाही देता येणार आता," त्या म्हणाल्या. "खाच गेली की हा आपला जुनाच प्राणी. याला पन्नास वर्षांपूर्वीच कुणीतरी नाव देऊन ठेवलंय."

"माहीत आहे."

"वही आणा."

नियम म्हणजे नियम. मिस्त्रीने वही आणली आणि दोन वर्षांपूर्वीच्या तारखेची नोंद आजची तारीख घालून केली. वेळ तीन. हत्यार, हवेची सुई. जागा, शेवटच्या दाताखाली. शेवटचा रकाना होता कारणाचा. तिथे त्याचा हात अडला. बाई खिडकीकडे बघत होत्या. शेवटी त्याने लिहिलं, फोन वाजला. बाईंनी ते वाचलं आणि खाली सही केली.

"घरी काय सांगणार आहात?" त्यांनी विचारलं. "तपासणीत बसलं नाही एवढंच सांगा हवं तर. मी काही बोलणार नाही."

हा मार्ग सोपा होता आणि बाईंनी आपणहून दाखवलेला. पण माणूस एकदा ओकायला लागला की थांबत नाही. आता सगळं एकदाच सांगून टाकावं, निदान घरात तरी खोटं नको, असं मिस्त्रीच्या मनाने घेतलं. तसं करताना आपण फार मोठं काहीतरी करतो आहोत असंही त्याला थोडं वाटलं असेल. मला विचाराल तर वाटलंच असेल.

संध्याकाळ होत होती. बायको भिंगरीच्या फोटोची जुनी चौकट पुसत बसली होती. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. नाव मिळणार नाही इथपासून सुरुवात केली आणि त्या दुपारच्या फोनपर्यंत आला.  फडकं हातात तसंच होतं.

"मी फोन केला तेव्हा तीन वाजले होते," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही निघालात कधी?"

"सव्वापाचला."

"बस..."

"बस लगेच मिळाली होती."

तिने फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"ती पाच वाजेपर्यंत विचारत होती," ती म्हणाली. "बाबा निघाले का, बाबा निघाले का. मी सांगत होते, निघालेत गं, बसमध्ये असतील. दर वेळी तेच सांगत होते. तुम्ही निघालोच म्हणालात ना फोनवर, म्हणून सांगत होते मी."

मिस्त्रीला खाली बसायचं होतं, पण बसावं कसं ते सुचेना.

"बाईंना सांगितलंत ते बरं केलंत," ती पुढे म्हणाली. "त्यांचं ते काम आहे. पण मला कशाला सांगितलंत?"

"तुझ्याशी खोटं बोलून राहवेना..."

"दोन वर्षं राहवलं की." तिचा आवाज तोच होता, मीठ संपलं म्हणतानाचा. "तुमचं मन मोकळं झालं. आता मी हे कुठे ठेवू, सांगा ना? ती गेली तेव्हा तुम्ही वाटेत होतात, एवढं धरून मी आजपर्यंत जगले. ती विचारत होती आणि तिचा बाप येत होता. आता काय धरू?"

  बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटी बहीण. जबडा बघायला जाणार होतीस, कसा होता, हे विचारायला केलेला. बायकोने घसा साफ केला.

"हो, जाऊन आले. नाही गं, ते नावाचं नाही जमत आता. तपासताना निघालं, तो जुनाच प्राणी आहे म्हणे. होतं असं यांच्या शास्त्रात." ती थोडा वेळ पलीकडचं ऐकत राहिली. तिची पाठ मिस्त्रीकडे होती. "छे गं, ह्यांची काय चूक? ह्यांनी तर जिवापाड केलं बिचाऱ्यांनी. तिच्यासाठी काय नाही केलं!"

तिने फोन ठेवला आणि ती आतल्या खोलीकडे निघाली. मिस्त्री वाटेतच उभा होता. ती त्याला वळसा घालून गेली.